सोनटक्के सर आणि माझा गुडघा

माझा सुजलेला गुडघा मी आयुष्यात एकाच माणसाला दाखवला, आणि खेळाडूंची निवड करायला तोच माणूस बसणार होता. हे मला ठाऊक होतं, तरी दाखवला. तो माणूस, आमच्या चिंचवडच्या कॉलेजचे सोनटक्के सर, गेल्या महिन्यात वारले. कॉलेजात माझ्याबरोबर खेळणाऱ्या सुन्याचा फोन आला, "भावा, सर गेले रे." माझ्या मनात पहिला विचार आला, म्हणजे आता जाब कुणाला विचारायचा?

सर नांदेडकडचे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, गोळाफेक, सगळ्याला शिकवणारे ते एकटे आणि खेळणारी पोरंही तीच. सकाळी चढाई करणारा दुपारी नेटजवळ उभा. एकदा व्हॉलीबॉलच्या सामन्यात सर्व्हिस टाकून मी सवयीनं पुढं धावलो, नेटखालून पलीकडच्या पोराला शिवलो आणि दम न सोडता माघारी पळालो. पंच शिट्टी वाजवायची विसरले. सर शांतपणे म्हणाले, "शिवलास ते बरं केलास. आता बाद करायलास का त्याला?" तरी मला वाटायचं, सरांचा खास म्हणजे मीच...

पुढं चाकणच्या एका कंपनीनं कबड्डीचा संघ बांधायला घेतला. निवड झाली की कायमची नोकरी. वडील जन्मभर कंत्राटी. आमच्या घरात 'पर्मनंट' हा शब्द देवाच्या नावासारखा घेत. निवडीची जबाबदारी सरांकडे. मी कासारवाडीत त्यांच्या घरी जाऊन पँट वर केली. सरांनी स्वतःच्या हातानं आंबेहळदीचा लेप लावला. म्हणाले, "मी कुणाला बोलत न्हाई. तू बिनधास्त खेळ." खेळलो. निवडीच्या दिवशी निघोज्याच्या मैदानावर, सगळ्या पोरांदेखत, सर कंपनीच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, ह्याला धरू नका. गुडघा गेलाय ह्याचा." मी त्यांच्याकडं बघत राहिलो, ते बुटाची नाडी बांधत राहिले. सुन्या नोकरीला लागला. मी काळेवाडीत नटबोल्टचं दुकान टाकलं. गुडघा महिन्याभरात बरा झाला. बाकीचं नाही... सर रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो.

परवा सरांच्या घरी काकूंना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेलो. खिडकीत सरांचे कॅनव्हासचे बूट, नुकताच पांढरा रंग दिलेले, वाळत होते. हे काम सर रोज करायचे. आता काकू करतात. ते बूट बघून माझा तोल सुटला. म्हणालो, "काकू, विश्वासानं सांगितलं होतं मी. सरांनी दगा दिला मला."

काकूंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "अरे, त्या सुन्याचा खांदा सारखा निखळायचा. ते ठाऊक असून घेतलाच की त्याला. तुझ्याबद्दल घरी येऊन म्हणाले, पोरगं जीव तोडून खेळायलंय, पण त्याला खेळच येईना, तोंडावर कसं सांगू? म्हणून ढकललं गुडघ्यावर."

"म्हणजे, काकू, मी..."

"लई भंगार खेळायचास बाबा तू."