खळ काढलेली साडी

मी तोंडानं फटकळ आणि हातानं त्याहून वाईट. रागात म्हशीला लाथ घातलीय, चालू शिवणयंत्र ढकलून पाडलंय. पण धाकट्या जावेला मारलं ते महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी.

आमच्या दोन्ही घरांच्या मिळून महालक्ष्म्या एकाच ठिकाणी बसायच्या, माझ्याकडं. चुली वेगळ्या झाल्या तरी लक्ष्म्या वेगळ्या करू नका, असं सासूबाई सांगून गेलेल्या. आदल्या साली पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांनी काठ्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती. माझ्या नवऱ्याला सात टाके, दिराचा कान फाटला. वर्षभर तोंड बघितलं नाही. मी हात उचलला त्या साली लक्ष्म्यांसाठी म्हणून दीर पुन्हा आमचा उंबरा चढायला लागला होता.

मखराला आम्ही विकतचे पडदे लावत नाही. जुन्या साड्यांचे काठ कापायचे, चुण्या घालून झालर शिवायची, तोरणाला कापडाची पानं करायची. जाऊ कापायची, मी शिवायची. कापते मात्र लय सुबक. त्या दुपारी मान वर केली तर तिच्या मांडीवर हिरवी इरकल. धाकट्या लक्ष्मीला नेसवायची कोरी साडी. काठ बाजूला, पदर बाजूला, मधोमध कात्री चाललेली.

"डोळे फुटले का गं तुझे?" म्हणत मी मापाचा लाकडी गज उचलला. पहिला पाठीत घातला, दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला तिनं हात आडवा धरला आणि तुराटी मोडावी तसा आवाज आला. तरी मी थांबले नाही. वेणी धरून ओढली, तिचं कपाळ यंत्राच्या पायावर आदळलं, भुवई फुटली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमीच ठिवली की गठुड्यात."

खरं होतं. कोऱ्या साडीला खळ असते, निऱ्या फुगतात, लक्ष्मी बेढब दिसते. म्हणून मीच ती धुऊन, वाळवून, घडी करून जुन्या साड्यांच्या गठुड्यावर ठेवली होती. आणि विसरले. खळ गेली की कोरी साडीपण जुनीच दिसते.

तेवढ्यात दीर दारात. नवरा मागं गोठ्यात. तिनं एक शब्द सांगितला असता तर दीर माझ्यावर धावला असता, नवरा मधे पडला असता, आणि ह्या खेपेला टाक्यांवर भागलं नसतं.

"काय झालं?" दिरानं विचारलं.

"तोरण बांधायला चढले, स्टुलावरून पडले," जाऊ म्हणाली. दीर माझ्या हातातल्या गजाकडं बघत होता. "त्या माप घेत होत्या. चला, गंगाखेडला दवाखान्यात न्या मला."

दुसऱ्या दिवशी ती प्लास्टर घालून आली. मखरात हिरवी झालर लागली होती, धाकट्या लक्ष्मीला मागल्या सालची साडी नेसवली होती. कुणी नाही बघून मी तिचे पाय धरायला वाकले. ती मागं सरकली. "तुमच्यासाठी न्हाई खोटं बोलले मी," म्हणाली. "मला माझा नवरा जित्ता पायजे होता."

झालरीचा एक कोपरा सुटला होता, तो खोचायला मी हात वर केला. ती झटकन खाली बसली आणि प्लास्टरचा हात डोक्यावर धरला. दीर दारात उभा होता.

त्यानं सवाष्णींना वाढलं, आरतीला टाळ्या वाजवल्या, भावाशेजारी बसून पुरणपोळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्या तसा त्यानं धाकटीचा मुखवटा उपरण्यात बांधला आणि बायकोला पुढं घालून घरी गेला.

तेव्हापासून माझ्याकडं एकटी थोरली बसते. नवरा दर साली विचारतो, त्यानं मुखवटा का नेला असेल गं? मी म्हणते, मला काय माहीत.