भावाच्या हातचा घास

प्रभुभोजनाची थाळी जवळ आली की तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. शेजारच्याला म्हणायचा, "पुढं दे बाप्पा. मले नाही चालत."

दिग्रसच्या आमच्या चर्चमध्ये जेमतेम पन्नास माणसं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक पाव मोडत, मग तुकड्यांची थाळी आणि द्राक्षरसाचे पेले बाकांवरून फिरत. तुम्ही तिथे असता, तर तुमचीही नजर याच्यावरच गेली असती. सहा फुटांचा गडी, बैलासारखी मान, आणि पावाच्या तुकड्याला भ्यायलेला.

आम्ही कापसाच्या एकाच जिनिंगमध्ये कामाला होतो. तो फिटर, मी वजनकाट्यावर. एकदा एका ड्रायव्हरने कामावरच्या बाईला घाण शिवी दिली. याने त्याची गचांडी धरून त्याला ट्रकवर असं आपटलं, की दोन दात मातीत पडले. नंतर हाच नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभा. "हे हात कापून टाकाले पाह्यजेत," एवढंच म्हणाला.

त्याच दिवशी जेवताना मी विचारलं, "दादा, तुम्ही प्रभुभोजन काहून घेत नाही?"

त्याने डबा बाजूला सारला. "बाभुळगावकडं आमचं वावर. दोघाच्या वावरामधल्या धुऱ्यावरून लहान्या भावाशी वाजलं. मी कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणला त्याले. तो पडला, तरी हाणतच होतो. हाड मोडलेलं ऐकू आलं मले. उजवा हात कायमचा गेला त्याचा."

डब्याचं झाकण लावत तो म्हणाला, "प्रभूनं आपल्यासाठी सोताचं अंग मोडू देल्लं, रक्त सांडलं. त्या एका भाकरीतलं खाल्लं, का सारे एका अंगाचे. मंग ज्यानं भावाचंच अंग मोडलं, त्यानं कोणत्या तोंडानं खावं?"

"मग माफी मागा ना."

"चारदा गेलतो. दार उघडत नाही."

शेवटी याने भावाला निरोप धाडला, 'मारायचं असन तर मार, पण एकदा चर्चात ये.'

भाऊ आला. रविवारी, पाळकांनी नुकताच पाव मोडला होता तेव्हा. दारात उभा राहिला. उजवा हात वाळलेल्या फांदीसारखा लोंबत होता, डाव्या हातात लोखंडी पाइप.

तो बाकांमधून थेट प्रभुभोजनाच्या मेजापाशी आला, तसा हा उठून त्याच्यासमोर गेला. आम्हाला म्हणाला, "कोणीच मधात येऊ नका."

पहिला फटका जबड्यावर बसला. कडकन आवाज झाला. दुसरा डोक्यावर. याने हात वर केले नाहीत. तिसऱ्याला तो मेजावर कोसळला, थाळी उलटली, पावाचे तुकडे रक्तात पडले. बायका किंचाळत होत्या.

"उठ ना!" भाऊ ओरडला. "मार ना आता! काहून मारत नाही?"

मग पाइप टाकून तो खाली बसला आणि थोरल्याचं डोकं मांडीवर घेऊन गुरासारखा हंबरला.

यवतमाळच्या दवाखान्यात थोरल्याचा मोडलेला जबडा जुळावा म्हणून त्याचे दात तारांनी बांधले. पोलीस आले तेव्हा त्याने कागदावर लिहिलं, 'तक्रार नाही.' भाऊ तीन दिवस व्हरांड्यातच बसून होता. आत यायची त्याला हिंमत होत नव्हती.

चौथ्या दिवशी पाळक पाव आणि द्राक्षरस घेऊन आले, मी सोबत होतो. "आज तरी घेणार?" त्यांनी विचारलं. याने दाराकडे बोट केलं.

भावाला आत आणलं. "मले यातलं काही येत नाही," तो म्हणाला.

"फक्त भरव," पाळक म्हणाले.

त्याने डाव्या हाताने पाव रसात कुस्करला आणि चमच्याने दातांच्या फटीतून आत सोडला. लाल ओघळ हनुवटीवर आला. तो त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला.

"दुखून राह्यलं का रे?"

थोरल्याने नाही म्हणून मान हलवली. गिळायला त्याला फार वेळ लागला.

दोन वर्षांनी, भर उन्हाळ्यात, कामावरच थोरल्याचं हृदय बंद पडलं. दफनाच्या वेळी आम्ही सगळ्यांनी मूठमाती दिली. मग भावाने फावडं काखेत दाबून एकट्यानेच माती लोटायला घेतली. निम्मी माती वाटेतच सांडत होती. मी पुढे झालो, तर त्याने मला खांद्याने ढकललं.

"सरक. माहा भाऊ आहे तो."