पोटाशी धरलेली उशी

मुंबईच्या इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला जी बंधनं घातली, त्यांतलं एक मला थट्टेचं वाटलं. ओझं उचलायचं नाही, खोकला आला तर पोटाशी उशी घट्ट धरून खोकायचं, हे समजण्यासारखं होतं. पण वर ते म्हणाले, "आणि मास्तर, फार हसूही नका. हसण्याने टाक्यांवर ताण येतो." हे ऐकून मी हसलोच, आणि उजव्या जांघेत अशी कळ आली की उरलेलं हसू घशातच राहिलं.

माझं अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन झालं होतं. आमच्याकडे या दुखण्याचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. 'जागेचं दुखणं' म्हणतात आणि विषय बदलतात. मी थळ आणि किहीमच्या मधल्या एका वाडीत शाळामास्तर होतो. शेती दादा बघायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तोच मला आणायला मुंबईला आला. लाँचने रेवसला उतरलो तेव्हा त्याने बैलगाडीत पेंढा अंथरून वर गोधडी घातली आणि गाडी हाकायला दुसऱ्याला बसवलं. स्वतः बैलांच्या पुढे चालत राहिला. रस्त्यात धोंडा दिसला की पायाने बाजूला सारायचा. घरापर्यंत तो तसाच चालला. मी आडवा पडून त्याची पाठ बघत होतो. आपण त्याच्यावर केवढा भार झालो आहोत, एवढंच माझ्या मनात येत होतं.

पुढचे तीन महिने मला काम करायला मनाई होती. पडवीत खाट टाकली. शाळेतल्या पाढ्यांचा आवाज वाऱ्यावर तिथपर्यंत यायचा. बदली मास्तर पोरांना फार भरभर म्हणायला लावतो, असं मला वाटायचं आणि जीव वरखाली व्हायचा. वेळ घालवायला मी काय काय केलं! बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलले. देवाच्या वाती वळल्या. शिळी वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचली. पण हातात वाल आणि डोक्यात टाके, अशी स्थिती होती. शिंक येईल का? खोकला येईल का? आत्ता जे टचकन झालं ते काय झालं? समाचाराला येणारी माणसं त्यात भर घालायची. खाटेशी बसून, शहाळं पुढे ठेवून, "माझ्या साडूचं असंच झालं होतं," अशी सुरुवात करायची. त्या साडूचं पुढे काय झालं ते ऐकायला लागू नये म्हणून मी झोपल्याचं सोंग करायचो.

शेवटी माझ्या बायकोने ट्रंकेतून सारीपाट काढला. आईच्या हातचा पट तो, लाल-काळ्या कापडाच्या चौकड्यांचा. आमच्या घरात तो फक्त गौरीच्या जागराला निघायचा. एरवी पट उघडा राहिला तर घरात भांडण होतं, असं आई म्हणायची.

"या वर्षी होऊ दे भांडण," बायको म्हणाली. "तुमचं कण्हणं ऐकण्यापेक्षा बरं."

दिवेलागणीला दादा शेतावरून आला की आम्ही खेळायला बसायचो. तो खाली चटईवर, मी खाटेवर कुशीला वळून. कवड्या टाकायच्या, दान मोजायचं, सोंगट्या सरकवायच्या. दिवसभरात तेवढा वेळ मी टाके विसरायचो.

तेव्हा पौष-माघाचे दिवस होते. खाडीच्या कडेला आमची खारजमीन आहे. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून तिला मातीचा बांध आहे आणि त्याची डागडुजी दर वर्षी याच दिवसांत होते. एका ठिकाणी जरी बांध फुटला तरी सगळ्यांचंच भाताचं पीक जातं, म्हणून प्रत्येक वाटेकऱ्याने आपापला माणूस द्यायचा असतो. आम्ही भाऊ एका घरात राहत असलो तरी जमिनीच्या वाटण्या झाल्या होत्या. आमची माणसं दोन धरली जायची. दादा सकाळी स्वतःच्या वाट्याच्या चिखलाच्या टोपल्या वाहायचा आणि दुपारी माझ्या वाट्याच्या. मी पडवीत वाती वळायचो.

एका संध्याकाळी खेळता खेळता दादाला ठसका लागला. त्याने कवड्या खाली ठेवल्या, पाठ वळवली आणि धोतरावरून जांघेत दोन बोटं तिरपी रोवून तो खोकला. ती दोन बोटं मी ओळखली. ज्याचं पोट दुखतं तो माणूस अख्खा तळवा पोटावर धरतो. ज्याला अंतर्गळ आहे तो बाहेर आलेला फुगा आत ढकलून तिथेच दाबून ठेवतो. ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं मी वर्गात फळ्याकडे तोंड करून नेमकं हेच करत होतो.

पुढे माझं दान कितीचं पडलं ते मी मोजलंच नाही.

आमचे वडील याच दुखण्याने गेले. बांधावरून टोपली घेऊन उतरताना आतडं बाहेर येऊन अडकलं. त्यांना खाटेवरून अलिबागला न्यायला माणसं जमेपर्यंत ते ओकत राहिले आणि वाटेतच संपले. दादाने एका बाजूने खाट धरली होती. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस तेच दुखणं घेऊन, तोच चिखल वाहत होता. आणि त्यातला अर्धा माझा होता.

मग तो डॉक्टरकडे का जात नव्हता? कारण त्याला सुरीची भीती होती. आमच्याच वाडीतला एकजण मुंबईला पोट कापायला गेला तो परत आला नाही. तेव्हापासून दादा म्हणायचा, "सुरी लागली की माणूस निम्मा होतो." मला मात्र त्यानेच पाठवलं होतं. "तू जा, तुला पोरांना शिकवायचं हाय," म्हणाला होता. तेव्हा मला वाटलं, हा धाकट्या भावावरचा जीव. आता वाटू लागलं की तो वाटही बघत होता. मी कसा बरा होतो ते त्याला पाहायचं होतं.

मी एकदा विषय काढून पाहिला. "दादा, तुलाही कधी जड उचलताना..."

"मला काय धाड भरलीय?" तो उठलाच. दुसऱ्या संध्याकाळी खेळायला आला नाही.

सांगून उपयोग नव्हता. दाखवायला हवं होतं. म्हणून मी ठरवलं, दादासमोर मी मजेत दिसायचं. कण्हायचं नाही, जांघेकडे हात न्यायचा नाही. आणि हसायचं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी भरपूर हसायचं.

या कामी मला शेजारच्या चाचांचा आधार झाला. चाचा मुसलमान मोहल्ल्यातले जुने तांडेल. गलबतं चालवून थकले होते आणि आता घरी बसून शिडं शिवायचे. संध्याकाळी सुई आणि दाभणाचा डबा काखेत मारून आमच्या पडवीत यायचे.

"मास्तर, तुझा शिंपी कोण रे?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"कसला शिंपी, चाचा?"

"पोट शिवलं तो. रेशमानं शिवलं म्हणतोस. रेशीम काय कामाचं? काथ्यानं शिवायला पायजे होतं, दुहेरी. मी शिवलं असतं तर तुझ्या पोटात वारा भरून तुला मस्कतला नेला असता."

दादा खो खो हसला. मीही हसलो, खरंच हसलो, आणि डोळ्यांत पाणी आलं. दादाला ते हसण्याचं पाणी वाटलं असावं, निदान मी तशी आशा केली.

पुढे रोज हेच. चाचा किस्से सांगायचे, मी हसायचो. दान पडलं की हसायचो. सोंगटी मेली की त्याहून जास्त हसायचो. उशी मांडीवर सहज पडल्यासारखी ठेवायचो आणि कोपराने आत दाबायचो. दादा घरात गेला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. जखमेचं एक टोक ठसठसत राहायचं. हसण्याची मला इतकी धास्ती बसली की चाचांच्या वहाणा अंगणात वाजल्या तरी पोट आवळून यायचं.

मग बायकोला फडक्यावर डाग दिसला.

"अहो, हे ओलं लागतंय."

"घाम असेल."

"घामाला असला वास येतो? आणि दुपारी अंगही कोमट लागतं तुमचं. मी भावोजींना सांगते, गाडी जुंपायला."

"दादाला नाही सांगायचं!" मी एवढ्या जोरात बोललो की तीही दचकली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ फडकं धुवत बसली.

"म्हणजे त्यांना वाचवायला तुम्ही मरणार," ती म्हणाली. "आणि तुमचं असं झालेलं बघून ते जन्मात सुरीखाली जाणार नाहीत. केवढं शहाणपण हे!"

तिचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. तरी मी चार दिवस मागून घेतले. बांधाचं काम तोवर संपेल, असं मनाशी म्हणालो. आज ते लिहिताना मला माझीच लाज वाटते. मी दादाला आणखी चिखल वाहू दिला आणि त्याला उपाय म्हणत राहिलो.

त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी चाचा रंगात आले होते. त्यांच्या गलबतावर एकदा कुणीतरी बोकड नेला होता. तो म्हणे शिडाचा कोपरा खाऊन बसला आणि गलबत गोल गोल फिरू लागलं. "गलबताचा धनी नाखवा म्हणतो, शीड आणा. मी म्हटलं, शीड बोकडाच्या पोटात हाय, बोकडालाच डोलकाठीला बांधा!" मी हसलो. हसता हसता काहीतरी सुटल्यासारखं झालं, जांघेत ऊन ऊन ओल पसरली, आणि माझं हसू मध्येच तुटलं. उशी दोन्ही हातांनी कधी धरली ते कळलंही नाही.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि दाभणाचा डबा उचलून "येतो रे," म्हणत निघून गेले.

दादा पटाकडे बघत बसला होता. त्याने माझी मेलेली सोंगटी उचलली आणि बोटांत फिरवली.

"ल्हानपणी सोंगटी मेली की तू पट उधळून द्यायचास," तो म्हणाला. "आईनं किती येळा मारलं तुला. कवड्या सुद्दा फेकायचास माझ्या अंगावर. आता तुझ्या सोंगट्या मरतात आन् तू हसतोस."

त्याने सोंगटी खाली ठेवली.

"माझ्यासाठी हसतोस, व्हय?"

"दादा..."

"मला पयल्या दिवसापासनं कळतंय. मी मनात म्हणायचो, हा एवढा हसतोय म्हंजे आत काय तरी भयंकर झालंय. ते माझ्यापासनं लपवतोय. डॉक्टरनं याला वाचणार न्हाय म्हणून सांगितलंय, असं वाटायचं मला. रात रात झोप न्हाय लागायची."

जे त्याला धीर द्यायला चाललं होतं, त्यानेच त्याची भीती रोज थोडी वाढवली होती.

"दाखव," तो म्हणाला.

मी फडकं सोडलं. त्याने कंदील जवळ आणला. थोरल्या भावाला ती जागा दाखवताना मला लाज वाटली नाही, एवढी भीती वाटत होती. व्रण बराचसा भरला होता. एका टोकाला वाटाण्याएवढं फुटलं होतं आणि पू येत होता. दादा वाकून बघत राहिला.

"हे एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच. पण दुखतं दादा. हसलं की फार दुखतं."

"मग सांगायचं ना रे, गाढवा."

सकाळी तो बांधावर गेला नाही. गाडी जुंपून मला अलिबागला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी जागा पुसली, चिमटा आत घातला आणि काळ्या दोऱ्याचा एक बारीक तुकडा बाहेर ओढला. आत राहिलेला टाका होता तो. अंगाने तो बाहेर ढकलला होता. बाकी शिवण शाबूत होती, आता जखम भरेल, असं ते म्हणाले. मी निघायला उठलो. दादा मात्र जागचा हलला नाही.

"डॉक्टरसायब, असं दुखणं असताना माणसानं चिखलाच्या टोपल्या वाहिल्या तर?"

डॉक्टर माझ्यावर उखडले. "मास्तर, तुम्हाला मुंबईला काय सांगितलं होतं?"

"त्याचं न्हाय," दादा म्हणाला. "माझं."

त्यांनी त्याला पडद्याआड नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने दादाचा आवाज ऐकू आला. "ह्याला कापलं तिथंच कापा."

शिमगा झाल्यावर मुंबईच्या त्याच इस्पितळात दादाचं ऑपरेशन झालं. तो आत असताना मी इस्पितळाच्या व्हरांड्यात जे तास काढले त्यांबद्दल मला लिहिता येत नाही. आमच्या वाट्याचं राहिलेलं बांधाचं काम इतर वाटेकऱ्यांनी करून टाकलं. परतताना रेवसपासून गाडीपुढे मी चाललो आणि धोंडे बाजूला सारले. पडवीतली खाट त्याची झाली, चटई माझी. चाचांना आम्ही दमच दिला होता की महिनाभर बोकडाचं नाव काढायचं नाही. ते बिचारे वाळलेल्या मासळीच्या भावाबद्दल बोलत बसायचे. पहिल्या डावात मी दादाची सोंगटी मारली तेव्हा त्याने कपाळाला आठ्या घालून माझ्या अंगावर कवड्या फेकल्या. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं.

याला आता बरीच वर्षं झाली. दादा नीट आहे, टोपल्या मात्र वाहत नाही. तरी अंगणात तो कुणाशी बोलताना मोठ्याने हसला की मी हातातलं काम टाकून दाराशी येतो आणि त्याचा हात कुठे जातो ते बघतो. त्यालाही हे माहीत आहे. माझ्याकडे बघून तो दोन्ही हात वर करून दाखवतो आणि पुन्हा हसत राहतो.