खोट्या त्रिशंकूवर उठवणारी सुनंदा

आमच्या पोलिसांच्या महिला कंपनीची पोस्टिंग जंगलात होती. रात्री मोर्च्यात, म्हणजे वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला, दोघी. एक जागी, एक झोपलेली. घड्याळाचा लाईट लावायला मनाई, म्हणून पाळी बदलायची खूण आकाशात. होळीच्या सुमाराला दक्षिणेकडे त्रिशंकूचे चार तारे येतात, पतंगासारखे. तो सरळ उभा राहिला की पहिलीनं दुसरीला उठवायचं.

पण बघा, त्याच्या कितीतरी आधी तसलेच दुसरे चार तारे वर येतात. जरा मोठे, फिकट. तो खोटा त्रिशंकू. माझी जोडीदारीण कॉन्स्टेबल सुनंदा मला रोज त्या खोट्यावर उठवायची.

"ऊठ गं ताई, झाला उभा."

"सुनंदे, तो खोटा! खरा अजून झाडांमागं आहे."

"असू दे. उठलीसच तर बस आता."

काय सांगू, डोकं फिरायचं माझं! बरं, स्वतः झोपायची पण नाही. शेजारी बसून गावच्या लग्नांच्या गोष्टी कुजबुजत राहायची.

एका रात्री मला ताप होता. जाग आली ती फायरिंगनं. त्रिशंकू पश्चिमेला पार कललेला. म्हणजे माझी पाळी केव्हाच सुरू झालेली. सुनंदा पुढं, रायफल चालवत होती. मी पोझिशन घेतली.

"कंट्रोल, पोस्ट तीन. फायर आलाय. ओव्हर."

मदत आली तोवर फायरिंग थांबलं होतं. सुनंदाचा श्वासही.

सकाळी कंट्रोलला वायरलेस सेटवर बसणाऱ्या मॅडमनी सांगितलं, रात्री तिनं कळवलं होतं. "कंट्रोल, पोस्ट तीन. खरा त्रिशंकू उभा राहिला. ताईला ताप आहे, उठवत नाही. दोन्ही पाळ्या माझ्या. ओव्हर."

खरा! म्हणजे बाईला दोन्ही ओळखता येत होते. एकटीला करमायचं नाही म्हणून उठवायची, आणि मी रोज तिला धडे देत बसले.

आता कुरुळीत राहते. उन्हाळ्यात जेवणं उरकली की गच्चीवर जाते, तिला सलाम करायला. पण त्रिशंकू दिसेल तर शपथ! कंपन्यांचे दिवे, पलीकडं पिंपरीचा उजेड, त्यात शेजारच्या सलीमभाईच्या गॅरेजचा हॅलोजन.

"भाई, पाच मिनिटं बंद करा ओ."

"मावशी, काल पण केला होता. काय दिसलं?"

"आज दिसेल. करा बंद."

करतो बिचारा. पांढरट आकाशात एक तारा दिसतो, दुसरा असल्यासारखा वाटतो. खरा की खोटा, आता मलाच कळत नाही. मी ताठ उभी राहते, सलाम ठोकते.

कॉन्स्टेबल सुनंदा, त्या रात्रीसुद्धा खोट्यावरच उठवायचंस गं.