चोराचे अडतीस डाव

रविवार, दि. १८ ऑक्टोबर १९८७. नळ पावणेसातला आला, सव्वासातला गेला. रंभाने माळा झाडला. दुपारी अडीच ते पाच उमाळकर साहेबांकडे खेळ. वारलू आजही चुकला, दार उघडले नाही. त्यामुळे आम्ही चौघेही मेलो. पुढच्या रविवारपासून चोर बदलायचा असे साहेबांनी ठरवले. संध्याकाळी भात, लाखोरीच्या डाळीचे वरण.

एवढे लिहून इंदुताईंनी पेनाला टोपण लावले. मग काढले, आणि नुसतेच वहीकडे पाहत बसल्या. राग आला की त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर घासत राही. आज तो थांबत नव्हता.

इंदुताई सहासष्ट वर्षांच्या. नवरा पोस्टात तारमास्तर होता, जाऊन आठ वर्षे झाली. मुलगा भद्रावतीच्या कारखान्यात लागला, म्हणून त्या वसाहतीच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. त्या नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या होत्या, त्या काळात त्यांच्या समाजातली पोर तिथे जाणे ही बोलण्याची गोष्ट होती. तिथल्या सिस्टरने त्यांना रोजनिशीची सवय लावली आणि एकच नियम सांगितला: जे घडले ते लिहायचे, कुणामुळे घडले ते देवाला ठरवू द्यायचे. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतल्यावर देव सुटला. रोजनिशी सुटली नाही. एकोणपन्नास वह्या पलंगाखालच्या पेटीत होत्या.

खेळात त्या इंग्रजीमुळे आल्या. कारखान्यातले अधिकारी उमाळकर साहेब यांच्या भावाने अमेरिकेतून एक खोका पाठवला होता. त्यात जाड पुस्तक होते आणि नाना आकारांचे फासे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले एकेक माणूस व्हायचे: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी वैद्य, कुणी चोर. भुयारात शिरायचे, राक्षसाशी लढायचे, आणि जमले की नाही ते फाशाने ठरवायचे. पुस्तकाचे नियम इंदुताईंनी मराठीत उतरवले. साहेब गोष्ट सांगत. स्टोअरकीपर रामाजी वैरागडे योद्धा झाला. शाळेतले डोमा मास्तर जादूगार, कारण जादूगाराला दुपारभरात एकदाच मंत्र म्हणायचा असे आणि उरलेला वेळ डुलकी घेता येई. इंदुताई वैद्य. आणि चोर झाला वारलू कुमरे.

वारलू बेचाळीस वर्षांचा, मशीन शॉपमधला फिटर. वसाहतीत कुणाची किल्ली हरवली की वारलूला हाक जायची. वाकवलेली तार आणि दोन मिनिटे, एवढेच त्याला लागे. उमाळकरांच्या गोदरेजच्या कपाटाचे कुलूपही त्यानेच उघडले होते, म्हणून तर साहेबांनी त्याला आपल्या ओट्यावर खेळायला बसवले. खेळातली कुलपे मात्र त्याच्याने उघडत नव्हती.

आज दुपारी भुयाराच्या शेवटच्या दारापाशी तेच झाले. मागून आग येत होती. वारलूने तीन फासे टाकले, बेरीज अकरा झाली. पुन्हा टाकले, नऊ. आग आली, चौघेही जळून मेले.

"म्या सांगतलं होतं!" रामाजीने मांडीवर थाप मारली. "ह्या वारल्याले घेऊन दारापाशी जाऊच नका. पनवती हाय हा. मी एकटा सात राक्षस मारतो, अन् ह्याले एक कुलूप उघडत नाई."

"खऱ्या कुलपाचा उस्ताद, पण खेळात ढ," साहेब हसले. "हे बघ वारलू, मनावर घेऊ नको. नवीन अकाउंट्स ऑफिसर आले आहेत, त्यांना चोर करू. तू येत जा, बस, चहा पी."

वारलू चहा न पिताच उठला. इंदुताई त्याच्याबरोबर चालत निघाल्या.

"तू काही बोलला काऊन नाही?"

"काय बोलू, बाई? शॉपमधीबी तेच चालू हाय. रामाजीभाऊ कँटीनमधी सांगते, वारल्यानं काल पुन्हा सगळ्याईले मारलं म्हणून. पोट्टे हासते. परवा एकानं माह्यासंगं मशीनवर जोडी लावाले नाई म्हटलं. म्हणे, पनवतीसंगं हात तुटन. खरंच आसन, बाई. माह्या हातालेच गुण नाई. नशिबात नाई ते नाई."

इंदुताईंचा अंगठा तिथेच घासायला लागला. त्यांच्या बापाला गावाने आयुष्यभर हेच ऐकवले होते: तुझ्या हाताला गुण नाही, तुमच्या नशिबात एवढेच. बापाने अर्धे आयुष्य ते खरे मानले. दीक्षा घेऊन घरी आला त्या दिवशी त्याने पोराबाळांना उंबऱ्यात उभे करून सांगितले, या घरात आजपासून नशीब हा शब्द कुणी काढायचा नाही. आणि आज एक उत्तम कारागीर तोच शब्द स्वतःच्या तोंडाने, शांतपणे, स्वतःसाठी वापरत होता.

वारलू या वर्षभरात किती वेळा हरला, आणि किती वेळा हरायला हवा होता? हे तर मोजता येत होते. इंदुताईंनी पेटी ओढली.

"आई, दिवाळी तीन दिवसांवर आली," सून रंभा दारातून म्हणाली. "तुमचं चोराचं पुराण राहू द्या, पोहे निवडायचे आहेत."

"आण इकडे. निवडता निवडता वाचते."

खेळ सुरू झाला त्या गेल्या नोव्हेंबरपासून त्यांनी सुरुवात केली. प्रत्येक रविवारची प्रत्येक फेक तिथे होती. वारलूने कुलूप उघडले. वारलू चुकला. वारलू चुकला. वारलूने सापळा ओळखला. चोराला सोळा किंवा वर लागत. फेब्रुवारीअखेरपर्यंत चोवीस डाव, त्यातले सहा जमलेले. चारांत एक. पुस्तकात चोराला एवढेच दिले होते, आणि वारलूला तेवढेच मिळाले होते. मार्चपासून मात्र पानेच्या पाने तोच एक शब्द. चुकला. चुकला. चुकला. अडतीस डाव, त्यांतले फक्त दोन जमलेले.

आठ मार्चच्या पानावर त्यांचे बोट थांबले. त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: "ओट्यावरून वानराने वीस बाजूंचा फासा नेला. लिंबावर बसून चावून पाहिला, मग नाल्यात टाकला. साहेबांनी सापशिडीचे तीन फासे काढले. तिन्हींची बेरीज घ्यायचे ठरले. अठरापर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ तेच."

जवळजवळ तेच! इंदुताईंनी पोह्यांचे सूप बाजूला सारले. वीस बाजूंच्या फाशावर सोळा ते वीस अशा पाच बाजू असतात, आणि प्रत्येक बाजू सारख्याच वेळा येते. तीन फाशांचे तसे नाही. तीन फासे पडण्याचे दोनशे सोळा प्रकार. त्यांनी ते एकेक करून मांडले, दोन पाने भरली. नऊ, दहा, अकरा, बारा यांचा सुकाळ. सोळा, सतरा आणि अठरा मिळून प्रकार फक्त दहा. म्हणजे विसांत एकसुद्धा नाही.

मग त्यांनी योद्ध्याचे पाहिले. रामाजीला नऊ किंवा वर लागत. जुन्या फाशावर त्याचे पाचांत तीन वार बसायचे. तीन फाशांवर चारांत तीन. वहीतही तसेच: मार्चनंतर साठ वार, पंचेचाळीस बसलेले. वानराने चोराचा हात कापला होता आणि योद्ध्याला तिसरा हात दिला होता. रामाजीने त्याला पराक्रम म्हटले. जादूगाराच्या मंत्राला फासा लागत नव्हता. वैद्याच्या लेपालाही नाही. म्हणून डोमा मास्तरांना आणि इंदुताईंना काही कळलेच नाही. ज्याचे काही गेले नव्हते त्याला कळणार कसे?

आणि तरीही त्यांनी सात महिने लिहिले होते, वारलू चुकला. दार उघडले नाही, एवढेच घडले होते. चुकला हे त्यांनी पदरचे घातले होते. छत्तीस वेळा. सिस्टरने पट्टीच मारली असती. रामाजीपेक्षा, साहेबांपेक्षा त्यांना त्या रात्री स्वतःचा जास्त राग आला.

पुढच्या रविवारी त्या ओट्यावर गेल्या तेव्हा पिशवीत दोन वह्या होत्या आणि हातात पितळी तांब्या. वारलूला त्यांनी ओढूनच आणले होते. नवे ऑफिसर चिवडा खात वारलूच्या जागेवर बसले होते.

"साहेब, डाव सुरू करायच्या आधी मला हिशेब सांगायचा आहे."

त्यांनी सांगितला. साहेबांनी मधूनच हात वर केला. "ताई, फासे सगळ्यांना सारखेच आहेत ना? मग अन्याय कसला?"

"फासे सारखे. पण वारलूकडून मागता सोळा, आणि रामाजींकडून मागता नऊ. नऊ लागणाऱ्याला हे फासे माहेर आहेत."

"खेळ आहे हो, ताई. किती मनाला लावून घेता!"

"तुम्हाला खेळ आहे. याच्यासोबत कारखान्यात कुणी मशीनवर उभं राहत नाही, ते कोणाच्या खेळानं?"

साहेबांनी चिवड्याच्या ताटलीकडे पाहिले. रामाजी हसला. "बाई, हिशोबानं काय होते? ज्याच्या हातात दम हाय, त्याचा फासा पडते."

"असं? मग टाका. वीस वेळा. सोळा आणा."

रामाजीने बाह्या सरसावल्या. दहा. आठ. तेरा. अकरा. सातव्या वेळी त्याने फाशांवर फुंकर मारली, बाराव्या वेळी हात बदलला. चौदाव्या वेळी सोळा आले आणि तो ओरडला. मग सहा वेळा पुन्हा काहीच नाही. विसांत एक. डोमा मास्तर पूर्ण जागे झाले होते.

"आज फासे बरोबर नाई पडून राह्यले," रामाजी पुटपुटला.

"मग तुम्हीबी पनवती," वारलू म्हणाला. मार्चनंतर त्या ओट्यावर तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता. नवे ऑफिसर खो खो हसले आणि चिवडा त्यांच्या नाकात गेला.

इंदुताईंनी तांब्या पुढे सरकवला. आत वीस चिंचोके होते, प्रत्येकावर शाईने आकडा. एक काढायचा, पाहायचा, परत टाकायचा, हलवायचा. वीसही आकड्यांना सारखी जागा.

"म्हंजे माह्या योद्ध्याचे वार कमी होईन!" रामाजी उसळला. "त्याले कायची शिक्षा?"

"शिक्षा कसली? सात महिने दुसऱ्याच्या वाटचं खाल्लं, ते आता ताटात येणार नाही, एवढंच. आणि उद्या कँटीनमध्ये चहाच्या वेळी तुम्हीच सांगायचं, फासे खोटे होते म्हणून. जेवढ्या मोठ्यानं पनवती म्हणत होता, तेवढ्याच मोठ्यानं."

रामाजीने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी रामाजीकडे. चूक झाली असे कुणीच म्हणाले नाही. "बरं, बरं, सांगतो," रामाजी शेवटी म्हणाला, आणि साहेबांनी घरातून आणखी एक खुर्ची आणवली. वारलूच्या जागेवरून उठून नवे ऑफिसर स्वतःच तिच्यावर जाऊन बसले. इंदुताईंना ती माफी पुरेशी वाटली नाही, पण खुर्ची तरी आली.

"वारलू, मीही लिहिलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "वहीत. तू चुकला म्हणून. छत्तीस वेळा."

"लिवलं तं लिवलं, बाई. म्या थोडीच वाचलं?" मग तो साहेबांकडे वळला. "साहेब, मले मागच्या रविवारचंच दार पायजे. तेच, आगीवालं."

साहेबांनी गोष्टीतले दार लावले. मागून आग आली. वारलूने तांब्या हलवला, डोळे मिटून चिंचोका काढला आणि तळहातावर धरला. अकरा.

कुलूप उघडले नाही. वारलू चिंचोक्याकडे पाहत राहिला आणि मग मोठ्याने हसला. "उघडलं नाई! चला ना बाई, लेप काढून ठेवा. पुन्हा काढतो."

त्या संध्याकाळी इंदुताईंनी लिहिले: दार पहिल्या डावात उघडले नाही, तिसऱ्यात उघडले. पितळी तांब्या उमाळकरांकडेच राहिला. प्यायचे पाणी स्टीलच्या गडव्यात भरून ठेवले.