नणंदेचे उपास

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला, राजापेठेतल्या घरी आले, तेव्हा माझी धाकटी नणंद बारावीला होती. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. शेजारच्या बायका तिचं कौतुक करायच्या. सासूबाईंना ते ऐकून बरं वाटायचं.

मला मात्र खटकायचं. उपासाला ती साबुदाणाही खात नसे आणि दुसऱ्या दिवशीही तिचा उपास सुटत नसे. पोळीचे तुकडे ताटात इकडून तिकडे फिरवायची, "मैत्रिणीकडे खाल्लं" म्हणून उठायची. ऐन जूनच्या उकाड्यात तिला पंख्याखाली थंडी वाजायची.

मी घरात नवीन. बोलावं कसं? शेवटी एकदा मेथी निवडताना सासूबाईंना म्हटलं, "आई, हा उपास नाही वाटत मला. ताईंना डॉक्टरांना दाखवू या."

त्यांचे हात थांबले. "पोरगी देवाचं करून राहिली, तं तुले कावून खुपते?"

पण त्या दिवसापासून त्या तिच्या ताटाकडे बघू लागल्या. एका रविवारी त्यांनी तिच्या आवडीचं भरीत केलं, जवळ बसून पहिला घास भरवला. तिनं तो तोंडात तसाच धरला. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"आई, मले गिळताच येत नाई. भेव लागते."

"कायचं भेव, बाई?"

"जाडी होईन याचं."

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, "तुह्या अकोल्यात आहे का कोणी डॉक्टर?"

अकोल्याच्या मानसोपचार डॉक्टरबाईंनी आधी तिची नाडी, रक्तदाब, रक्त तपासलं, तिच्याशी एकटीशी बोलून मग आम्हाला आत बोलावलं. सासूबाईंनी विचारलं, "इतकी काही वाळली नाई ती. उगाच तं नाई आलो?"

"वाळेपर्यंत थांबायचं नसतं," त्या म्हणाल्या. "हा आजार जितका मुरतो तितका काढायला कठीण. तुम्ही वेळेत आलात. आता काही महिने तिचं जेवण तुम्ही ठरवा, तुम्ही वाढा, संपेपर्यंत शेजारी बसा. रागवायचं नाही. आणि तिच्या अंगाविषयी कुणी बोलायचं नाही, कौतुकानंसुद्धा."

"माह्यंच काही चुकलं काय?"

"कुणाचंच नाही."

ते महिने जड गेले. एकदा तिनं भरलं ताट भिरकावलं, आईला वैरीण म्हटलं. सासूबाईंनी भात गोळा केला आणि दुसरं ताट वाढलं. भाजीचं दुकान मधेच बंद करून सासरे जेवायला घरी येऊ लागले. वजन वाढलं, परीक्षा जवळ आली तसं पुन्हा उतरलं. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. नातेवाईक कुजबुजले, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या साली देईन ती."

तिनं ती दिली. आज ती नोकरी करते, वेळेवर जेवते. लग्नाच्या पंगतीत मात्र अजून माझ्याच शेजारी बसते. अनोळखी माणसांसमोर घास उचलणं तिला अवघड जातं. ते कधी सुटेल, डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही.