दारात राहिलेली छत्री

आमच्या गल्लीत ज्या माणसाचा आवाज सगळ्यात मोठा होता, तो आठवडाभर तोंडातून अक्षर काढत नसे. मला लहानपणी याचं भारी नवल वाटायचं.

त्यांचं इस्त्रीचं दुकान आमच्या दाराच्या अगदी समोर. दुकान कसलं, एक लांब टेबल, त्यावर जळके डाग पडलेलं जाड कांबळं, कोळशाची इस्त्री आणि पाण्याचं भांडं. भांड्यातलं पाणी तोंडात भरायचं, गाल फुगवायचे, फुर्रकन शर्टावर फवारा मारायचा, की वर इस्त्री. एक शर्ट झाला की पुन्हा गाल टम्म. त्यामुळे कपडे द्यायला गेलेल्याला उत्तर मिळायचं ते "हूं" नाहीतर "अंहं". संध्याकाळी मिळतील का? हूं. डाग गेला का? अंहं. आई म्हणायची, "या माणसाने जन्मतःच मिठाची गुळणी धरलीय."

आणि हाच माणूस शनिवारी संध्याकाळी कडक इस्त्रीचा कोट घालून बाजारामागच्या मोठ्या हॉलमध्ये माईकसमोर उभा राहिला, की छताच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. हॉलमध्ये मधोमध लाकडी मंच, चारी बाजूंना दोर, आणि आत पैलवान एकमेकांना उचलून आपटायचे. कुणाला झगा, कुणाला मुखवटा. कोण कुठून आला, किती वजनाचा, कोणाशी हाडवैर घेऊन बसला, सगळं हे पुकारायचे. सगळे त्यांना भोंगा म्हणत. मी भोंगाकाका म्हणायची, कारण नुसतं भोंगा म्हटलं की आई डोळे वटारायची.

मी त्या हॉलमध्ये फुकट जायची, कारण माझा मामा तिथला पैलवान होता. आईचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा आईनेच त्याला वाढवलेला, म्हणून आमच्याकडेच राहायचा. माझे वडील ट्रक घेऊन लांब लांब जायचे. घरात पुरुषमाणूस म्हणजे हाच, आणि तो माझ्यापेक्षा पोरकट. दिवसा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा आणि शनिवारी काळा मुखवटा घालायचा. भोंगाकाका पुकारायचे, "समुद्रापलीकडून आलेला! ज्याचा चेहरा त्याच्या आईनेही पाहिला नाही, असा काळा मुखवटाऽऽ!" लोक हूऽऽ करायचे. मी मनात म्हणायची, समुद्रापलीकडून कसला, आत्ताच तर आमच्या स्वयंपाकघरातून ताट चाटून उठलाय. पुकाऱ्यात मामाचं वजन दर शनिवारी वाढायचं आणि घरी आई म्हणायची, पोरगं वाळत चाललंय. मला दोन्ही खरं वाटायचं.

आई मात्र कधी हॉलमध्ये आली नाही. तिने मामाला परवानगी दिली होती ती एका अटीवर. "धाकट्या, ज्या दिवशी तुला खरोखर लागेल, त्या दिवशी हे बंद. पुन्हा विचारायला यायचं नाही."

"ताई, अगं सगळं ठरलेलं असतं. गादीवर पडल्यासारखं."

"मग एवढा बोंबलतोस कशाला? गल्लीपर्यंत ऐकू येतं."

"तेच तर काम आहे माझं!"

बोंबलण्यात मामाचा हात कुणी धरला नसता. घरी बोटात कुसळ गेलं तरी "मेलो, मेलो" करत नाचायचा. पण कारखान्यात एकदा बर्फाची लादी पायावर पडली, तेव्हा घरी आला आणि कोपऱ्यात गुपचूप बसला. आईने काही विचारलं नाही, नुसता त्याचा बूट काढला. आत अंगठा काळानिळा.

आता छत्रीचं सांगते.

रणरणता उन्हाळा होता. कुस्ती ऐन रंगात, आणि मध्येच भोंगाकाका म्हणाले, "दारात एक छत्री राहिली आहे. ज्यांची असेल त्यांनी कृपया घेऊन जावी." आणि लगेच पुन्हा कुस्ती. कुणाचं लक्षही गेलं नाही. पण मला त्यांचा शब्द न् शब्द पाठ असायचा, मी कान टवकारले. या उन्हात छत्री कोणी आणली? मी पळत दारात गेले. दारवाला स्टुलावर पेंगत होता.

"छत्री कुठंय?"

"कसली छत्री? जा, आत बस."

काही शनिवार गेले आणि पुन्हा छत्री. पुन्हा मी दारात, पुन्हा काही नाही. तिसऱ्या खेपेला मी दारात गेलेच नाही. जागेवर बसून नुसती बघत राहिले. छत्री पुकारल्याबरोबर समोरच्या पैलवानाने कुस्ती झटपट आवरली, पंचाने घंटा मारली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर कायम डुलक्या घेणारे मालिशवाले आजोबा खुर्चीत नव्हते. मागच्या खोलीचा पडदा हलत होता.

दुसऱ्या दिवशी कपड्यांचं गाठोडं घेऊन मी दुकानात गेले.

"काका, ती छत्री कुणाची असते?"

"अंहं."

"म्हणजे कुणाचीच नाही?"

फुर्र. शर्ट ओला झाला. आता तोंड रिकामं, आता बोलतील, म्हणून मी पुढे वाकले, तर त्यांनी घाईघाईने पुन्हा भांडं तोंडाला लावलं. मीही हलले नाही. एकामागून एक शर्ट झाले. शेवटी मीच म्हटलं, "काका, छत्री म्हणजे पैलवानाला खरंच लागलं, हो ना?"

भोंगाकाकांनी पाणी गिळलं. इतकी वर्षं ते पाणी शर्टावरच जायचं, त्या दिवशी पहिल्यांदा पोटात गेलं असणार. जोराचा ठसका लागला. मग टेबलावरून वाकून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"सांगूही नकोस. लोक तिकीट काढून खोटं दुखणं बघायला येतात, पोरी. खरं दुखणं घरोघरी फुकट आहे. मी पुकारलं की समोरच्याने हात आखडता घ्यायचा, पंचाने आवरायचं, आजोबांनी मागे जायचं. लोकांना कळता कामा नये, नाहीतर पडलेल्याला उठायची लाज वाटते."

"पण छत्रीच का?"

"उन्हाळ्यात छत्रीला कोण उठणार? बसल्या जागी बसतात."

"मग पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात मफलर," म्हणाले, आणि पुन्हा गाल फुगवून बसले.

त्या दिवसापासून मी ते गुपित पोटात ठेवून हिंडायची. आईलासुद्धा सांगितलं नाही.

पुढे एकदा मामाची मोठी कुस्ती ठरली. समोर सोनेरी झगा घालणारा बेकरीवाला, आमच्या दाराशी पाव टाकायचा तोच. मामा आईच्या मागेच लागला. "ताई, एकदा तरी ये. सगळं गाव मला बघतं, तू नाही." शेवटी आई आली. पहिल्या रांगेत माझ्याशेजारी, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. भोंगाकाकांनी तिला पाहिलं आणि माईक पुकारायच्या आधीच रुमालाने पुसला. ते कधी पुसत नसत.

कुस्ती सुरू झाली. मामा पडायचा, "आई गंऽ, मेलोऽऽ" करायचा, लोक खिदळायचे. आईला आधी धसका बसला, मग हळूहळू तीही हसायला लागली. "नाटक्या आहे मेला," म्हणाली. मला एवढा आनंद झाला की काय सांगू.

मग बेकरीवाल्याने मामाला डोक्यावर उचलून फिरवला. मामा त्याच्या हातातून सटकला आणि खांद्यावर पडला. फळ्यांचा आवाज झाला. मामाचा झाला नाही.

लोक टाळ्या पिटत होते. मी भोंगाकाकांकडे बघितलं. ते आईकडे बघत होते. एक क्षण त्यांनी माईक खाली घेतला, मग पुन्हा वर धरला.

"दारात एक छत्री राहिली आहे. ज्यांची असेल त्यांनी कृपया घेऊन जावी."

आता मामाचं संपलं. आईला कळलं तर आजच संपलं.

आईने मंचावरून नजर न काढता विचारलं, "कुणाची गं छत्री, या उन्हाळ्यात?"

"आपली," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मग जा. घेऊन ये."

मी धावत सुटले ती मागच्या खोलीत. पंचाने कुस्ती सोडवली होती, मामाला पडद्याआड आणलं होतं. खांदा निखळला होता. मालिशवाले आजोबा त्याच्या काखेत पाय लावून हात ओढत होते, आणि तो सोनेरी झगेवाला बेकरीवाला मामाचं डोकं मांडीवर घेऊन ढसाढसा रडत होता. "मी पकडायला हवा होता रे." मामाच्या तोंडातून हूं की चूं नाही. मला बघून एवढंच म्हणाला, "ताई?"

"टाळ्या वाजवतेय," मी म्हटलं. खरं तर मी मागे वळून बघितलंच नव्हतं.

बाहेर भोंगाकाका माईकवर लोकांना धरून होते. काळ्या मुखवट्याची समुद्रापलीकडची कर्मकहाणी सांगत होते, त्यात जहाज बुडवलं, एक शार्क मासाही घातला. खांदा जागेवर बसला तसा मामा पडद्याबाहेर गेला, डावा हात कमरपट्ट्यात खोवून, उजवा वर. "एकाच हाताने सलाम!" काका गरजले. "दुसऱ्याची याला गरजच नाही!" हॉल दणाणला.

घरी आल्यावर मामा म्हणाला, "काय ताई, कसं वाटलं?"

"छान. शर्ट काढ."

"राहू दे. थंडी वाजतेय."

या उन्हाळ्यात. आई जवळ गेली आणि त्याची बटणं काढायला लागली. खांदा सुजून वांग्यासारखा झाला होता.

"पडलास तेव्हा ओरडला नाहीस," ती म्हणाली. "छत्री पुकारायच्या आधीच कळलं मला."

मामाने मान खाली घातली. "मग बंद का?"

आई भांडी आवरायला उठली. रात्रभर ती जरा जास्तच जोरात ठेवत राहिली, आणि त्यातच माझ्याकडून छत्रीचं नि मागच्या खोलीतलं सगळं काढून घेतलं.

सकाळी माळ्यावरची काळी छत्री काढून ती समोरच्या दुकानात गेली. मी मागोमाग. भोंगाकाकांचे गाल फुगलेले.

"आधी ते गिळा, भाऊ," आई म्हणाली.

त्यांनी गिळलं.

"लागलं की बंद, असं मी त्याला बजावलं होतं. मला वाटलं होतं, पोरगं पडलं तर लोक हसतील आणि ते एकटं पडून राहील. पण काल तो पडला तेव्हा तुम्ही, ते आजोबा, तो रडका बेकरीवाला, सगळे त्याच्या मागे धावलात. मग मी कुणापासून वाचवू त्याला?" तिने छत्री टेबलावर ठेवली. "ही दारात ठेवत जा. एखादा बघायला गेला तर तोंडघशी पडाल. आणि पुकारलीत की मी मागच्या खोलीत येणार. माझी छत्री आहे, मला कोण अडवतो ते बघते."

"हूं," भोंगाकाका म्हणाले. तोंडात पाणी नव्हतं, तरीसुद्धा.

खांदा बरा झाल्यावर मामा पुन्हा मंचावर गेला. पुढे हॉल बंद पडेपर्यंत भोंगाकाकाच पुकारत राहिले, आणि पहिल्या रांगेत आई बसायची, पिशवीत गरम पाण्याची पिशवी घेऊन. पण छत्री काही टिकली नाही. पहिल्यांदा पुकारली ती बेकरीवाल्याच्या गुडघ्यासाठी. लोकांना दाखवायला आई आणि मी तडक उठून आधी दाराकडे गेलो, तर छत्री गायब. संध्याकाळच्या उतरत्या उन्हात एक गृहस्थ ती डोक्यावर उघडून रमतगमत चालले होते.

"आई, अगं, आपली छत्री!"

आईने क्षणभर त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग पिशवी काखेला मारली आणि मागच्या खोलीकडे वळली.

"जाऊ दे. चल, गुडघा सुजत असेल."